पिनीचा दोरा आणि सांडूचा दात

सांडू गाडेकरनं खंडेनवमीच्या पूजेचा दोरा दातांनी तोडला आणि देवानं तिथल्या तिथं त्याचा दात पाडला, ही बातमी आमच्या बजाजनगरात कंपनीच्या बसच्या आधी येऊन पोचली. बसमध्ये स्वतः सांडू होता. तो उतरला तेव्हा चौकातल्या लोकांनी आधी त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि मग रामराम घातला.

दात तेव्हा जागेवर होता. हलत होता, हे खरं. पण तो पोळ्यापासूनच हलत होता आणि सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं, कारण बोलता बोलता जिभेनं तो ढकलून दाखवायची सांडूला सवय होती. पडला तो दसरा उलटून गेल्यावर, आमच्या ओट्यावर, मक्याचं कणीस खाताना. कणीस माझ्या बायकोनं भाजलेलं होतं, त्यामुळं देवाचा यात हात असलाच तर तो तिच्यामार्फत. एवढं सगळं मी लोकांना समजावून सांगितलं. पण लोकांना दोऱ्याचा दात पटतो, कणसाचा पटत नाही.

दोरा मात्र त्यानं खरंच तोडला. मी समोर उभा होतो. आणि तो दोरा कुणी बांधला होता हे कळलं, म्हणजे एका दोऱ्यापायी गाडेकरांच्या घरात वर्षभर साखर का गोड लागली नाही, तेही कळेल.

सांडू मूळचा फुलंब्रीकडचा. गावाकडं जमीन आहे, विहीर आहे, ते सगळं धाकटा भाऊ बघतो. सांडू तरुणपणीच वाळूजला आला आणि इथलाच झाला. आम्ही दोघं एकाच कारखान्यात. मोटारसायकलच्या स्टँडला, कॅरिअरला लागणारे लोखंडी भाग तिथं कापतात, वाकवतात आणि रंगवतात. मी डिस्पॅचला, तो स्टोअरला. घरंही भिंतीला भिंत लावून. त्याच्या घरात काय शिजतंय ते मला वासानं कळतं आणि का करपलं ते आवाजानं.

काही वर्षांपूर्वी कारखान्याच्या मालकांना, म्हणजे विश्वजीतसाहेबांना, गेटवरच्या बोर्डावर ‘अग्निसुरक्षा प्रमुख’ म्हणून एक नाव लिहायचं होतं. त्या दिवशी सांडू रजेवर होता. म्हणून त्याचं नाव लिहिलं गेलं. सगळ्यांना वाटलं, बोर्डावरचं नाव बोर्डावरच राहील. पण सांडूला शिक्षणाला पाठवलं आणि तिथून तो लाल टोपी, शिट्टी आणि एक वेगळीच नजर घेऊन परत आला. त्याआधी तो खोलीत शिरला की पंखा कुठं आहे ते बघायचा. आता दार कुठं आहे ते बघायला लागला.

भिंतीवर टांगलेले आग विझवायचे लाल बाटले तोवर आमच्याकडं रुमाल वाळत घालायच्या कामाला यायचे. एक तर कँटीनचं दार उघडं राहावं म्हणून दाराला टेकवून ठेवलेला होता. सांडूनं ते सगळे पुसले, हुकावर लावले, खालची जागा पिवळ्या रंगानं आखली आणि तिथं कुणी सामान ठेवलं तर शिट्टी वाजवायला सुरुवात केली. रोज सकाळी तो प्रत्येक बाटल्यासमोर उभा राहतो आणि वरच्या दाबाच्या काट्याकडं वाकून बघतो. काटा हिरव्यात असला की मान डोलावतो. नवीन लागलेल्या पोरांना वाटतं, नमस्कार करतोय.

त्याचं व्याख्यान सगळ्या कारखान्याला तोंडपाठ आहे. “पिन ओढायची. नळी आगीच्या बुडावर धरायची, डोक्यावर नाय. दांडी दाबायची. आन् झाडू मारल्यावानी हिकडून तिकडं फिरवायचं. आपलं दार आपल्या पाठीशी पाहिजे. एका बाटल्यात नाय इझली तर शूरपणा करायचा नाय, भाईर पळायचं आन् बंब बोलवायचा. थिनरच्या आगीवर पाणी मारलं तर आग पाण्यावर बसून फिरायला निघती.” हे तो मागच्या अंगणात पत्र्याच्या तसराळ्यात डिझेल पेटवून करूनही दाखवायचा. बघायला गर्दी व्हायची, कारण तेवढा वेळ काम बंद असायचं.

तेवढ्यावर थांबला असता तर मी त्याच्यावर लिहायला बसलो नसतो. दिवाळीच्या खरेदीला आम्ही दोन्ही घरं मिळून गुलमंडीला गेलो होतो. द्वारकावहिनी, म्हणजे त्याची बायको, एका दुकानात साड्या बघायला बसल्या. सांडू दुकानाच्या मागं गेला आणि दुकानदाराला घेऊनच परत आला.

“शेठ, त्या कोपऱ्यातल्या बाटल्यावर तुम्ही परकरांचा गठ्ठा ठुलाय.”

“हां, मग?”

“उद्या आग लागली तर आधी परकर इकायचे का?”

दुकानदारानं गठ्ठा उचलला. साडीचा भाव मात्र एक पैसा कमी केला नाही. द्वारकावहिनी परत येताना मला म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांना घरी ठिवून येत जाऊ आपण. दुकानदार तरी आपल्याला उभं करतील.”

लग्नात हा माणूस आधी मांडवाच्या वायरी बघतो, मग नवरा-नवरी. अक्षता टाकताना याची पाठ कायम दाराकडं. फोटोत तो दिसतो तो एकटाच उलट्या तोंडानं.

आता भामाबाई. भामाबाई आमच्या पॅकिंगच्या प्रमुख. पॅकिंगच्या म्हणजे कागदोपत्री. एरवी सगळ्या कारखान्याच्या. विश्वजीतसाहेबसुद्धा त्यांना विचारून शिंकतात. त्यांचे यजमान साहेबराव पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. तिथं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशिनचं संरक्षक झाकण सैल आहे हे फोरमनला माहीत होतं. पण पाहुणे कारखाना बघायला आले होते, त्यांच्यादेखत कुठं बोलायचं, म्हणून तो गप्प राहिला. त्यानंतर भामाबाई स्वतः कामाला लागल्या आणि पहिल्या खंडेनवमीपासून आमच्या कारखान्याची पूजा त्यांनी आपल्या हातात घेतली. जे जे माणसाला चावू शकतं, त्याला त्या दोरा बांधतात. प्रेस, कटर, ग्राइंडर, ड्रिल, फोर्कलिफ्ट. दोरा साधा नाही. हळदीत भिजवलेला, पिळलेला, ओलाच बांधायचा आणि गाठ अशी मारायची की नख लागू नये. एकदा बांधला की आपोआप गळून पडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. पाने, पकडी, ब्लेडं, कात्र्या, करवती सगळं एका टेबलावर मांडून, हळदीकुंकू लावून, निजवून ठेवायचं. खंडेनवमीला आमच्याकडं पेन्सिलीलासुद्धा टोक करता येत नाही.

तर या भामाबाईंचा मुलगा राजकुमार, सीएनसी मशिनवर कामाला, चांगला उंच, बोलायला कमी. आणि सांडूची मुलगी दीपमाला, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, बोलायला अजिबात कमी नाही. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, म्हणजे मोठ्यांनी दाखवायच्या बरंच आधी पाहिलं होतं. पण ती भानगड गल्लीनं सभ्यपणे झाकून ठेवली होती. मी धरून. दोन्हीकडून होकार झाला. दसरा झाला की येत्या रविवारी भामाबाई गाडेकरांकडं येणार आणि दीपमालाला कुंकू लावणार, असं ठरलं. द्वारकावहिनींनी पडदे धुतले.

आणि नेमकी याच वर्षी सांडूला अवदसा आठवली. पूजेच्या आदल्या दिवशी तो भामाबाईंना म्हणाला, “वहिनी, तुम्ही समद्याला दोरा बांधता. फोर्कलिफ्टला हार, कूलरला हार. माझ्या बाटल्यांनी काय पाप केलंय? दरसाली कोरडेच ऱ्हातेत.”

होणारे व्याही मागतायत म्हटल्यावर भामाबाईंना नाही म्हणता येईना.

खंडेनवमीला सगळ्यांची घरची माणसं कारखान्यात येतात. द्वारकावहिनी नवी साडी नेसून आल्या होत्या, दीपमाला होती, राजकुमारही होता आणि दोघं एकमेकांकडं न बघायचा भरपूर कष्टानं प्रयत्न करत होते. भामाबाई सगळ्या मशिनी करत करत रंगखात्याच्या दाराशी आल्या. दाराशेजारी भिंतीवर लाल बाटला. त्याला त्यांनी झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं आणि ओला दोरा काढला.

“घ्या गाडेकर भाऊ, तुमच्या बाटल्याचीबी हौस फेडते.”

आणि त्यांनी तो दोरा पिनीच्या कडीतून घातला, दांडीला वळसे दिले, परत कडीतून काढला आणि गाठ मारली. मग दुसरी मारली.

सांडूनं तोंड उघडलं. मी शेजारीच होतो आणि पुढचं वाक्य मला पाठ होतं: पिनीला काही बांधायचं नाही, काही अडकवायचं नाही. एका पोरानं एकदा पिनीला डब्याची पिशवी अडकवली, तर सांडूनं त्याला सगळ्यांसमोर उभं करून ती पिशवी आणि व्याख्यान दोन्ही हातात दिलं होतं. पण तेवढ्यात समोरून द्वारकावहिनींनी त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. रविवार दोन-तीन दिवसांवर होता आणि पडदे धुतलेले होते.

सांडूनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं आणि म्हणाला, “बांधा वहिनी, घट्ट बांधा.”

‘घट्ट’ हा शब्द त्यानं स्वतःहून घातला, हे इथं नोंदवून ठेवतो. भामाबाईंनी मग कारखान्यातल्या सगळ्या बाटल्यांना तसाच दोरा बांधला, कारण त्या दुजाभाव करत नाहीत.

रंगखात्यात दिवा न्यायचा नाही, एवढं सांडूनं आधीच ठरवून घेतलं होतं. म्हणून तिथलं पूजेचं टेबल दाराबाहेर होतं आणि त्यावर निरांजन. आरती झाली, पेढे वाटायला निघाले. विश्वजीतसाहेब फोटो काढायला लागले. फोटोत निरांजनाची चमक येत होती. साहेबांनी ते उचलून हळूच आतल्या बाजूला, दाराच्या आड ठेवलं. तिथं रंगाच्या थिनरनं भिजलेल्या चिंध्यांचं पत्र्याचं पिंप होतं. फोटो चांगला आला. त्या फोटोत उजवीकडं कडेला एक केशरी चमक दिसते, ती सूर्याची नाही.

पहिल्यांदा ‘भप्प’ असा आवाज झाला, गॅस पेटल्यासारखा. पिंपातून जाळ वर आला, दारावरच्या झेंडूच्या तोरणाला लागला आणि त्यातली आंब्याची पानं तडतडायला लागली. आत चार पावलांवर थिनरचा ड्रम. सगळी माणसं मागं सरकली. पेढे कुणी सोडले नाहीत. एकानं पूजेचा कलश उचलला.

“पाणी नाय! कलश खाली!” सांडू ओरडला. शिट्टी वाजवली. “मेन बंद करा! बायामाणसं मागच्या दारानं भाईर!” आणि त्यानं माळेसकट लाल बाटला हुकावरून काढला, मागच्या दाराकडं पाठ केली, पिनीत बोट घातलं आणि ओढलं.

पिन हलली नाही.

त्यानं पुन्हा ओढलं. हळदीनं बोट घसरलं. गाठीला नख लावलं, लागलं नाही. दुसरा बाटला आणावा तर त्यालाही तोच दोरा, त्याच गाठी.

“ब्लेड द्या कुणी! कात्री!”

सगळ्यांनी टेबलाकडं पाहिलं. त्या टेबलावर कारखान्यातलं एकूण एक धारदार हत्यार हळदीकुंकू लावून निजलेलं होतं. टेबलाच्या सगळ्यात जवळ राजकुमार उभा होता. त्याचा हात पुढं गेला. त्यानं आईकडं पाहिलं. हात परत आला. हे दीपमालानंही पाहिलं आणि त्याचा हिशेब राजकुमार अजून देतोय असं ऐकतो.

आता सांडूपुढं काय होतं ते बघा. हातात होणाऱ्या विहिणीनं घटकाभरापूर्वी मंत्र म्हणून बांधलेला दोरा, समोर ती विहीण, तिच्या मागं बायको, आणि दाराआडच्या पिंपातला जाळ हळूहळू ड्रमकडं बघायला लागलेला. तेवढ्यात दीपमाला सगळ्यांच्या मागून ओरडली:

“बाबा! दुधाच्या पिशवीवानी!”

याचा अर्थ फक्त आमच्या दोन घरांना कळला. दुधाची पिशवी, मसाल्याची पुडी, बियाणाचं पाकीट, सांडू सगळं दातांनी फोडतो. द्वारकावहिनींचं अर्धं आयुष्य त्यावर ओरडण्यात गेलं आहे. सांडूनं बाटला तोंडाशी नेला आणि दोरा चावला. हळद, कुंकू, झेंडूची एक पाकळी, सगळं तोंडात. दोरा तुटला. पिन निघाली. नळी बुडावर, दांडी दाबली, हिकडून तिकडं.

खरं सांगतो, इतकी वर्षं ते व्याख्यान ऐकलं, पण ते खरंच तसं चालतं असं मला वाटलं नव्हतं. पांढरी पावडर ढगासारखी सुटली आणि जाळ, आपल्याला कुणी नाव घेऊन दटावल्यासारखा, खाली बसला. मग ती पावडर निवांतपणे सगळीकडं उतरली. पेढ्यांवर, गणपतीवर, निजलेल्या हत्यारांवर, साहेबांच्या फोनवर आणि भामाबाईंच्या हिरव्यागार नव्या साडीवर. सांडू लगेच हलला नाही. पिंपाकडं तोंड करून बराच वेळ उभा राहिला, परत धुमसतंय का बघत. मग काट्याकडं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “ह्यो आता भरायला पाठवावा लागंल.”

तोंडाला हळद होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे भामाबाईंकडं बघत होते.

भामाबाईंनी खाली वाकून तो तुटलेला दोरा उचलला, झटकला, रुमालात बांधला आणि निघून गेल्या. रविवारी त्या आल्या नाहीत. निरोप आला: “एवढ्यात घाई नको. बघू पुढच्या खंडेनवमीला.”

त्यात तो कणसाचा दात पडला आणि गावाला पुरावाच मिळाला.

पुढचं वर्ष गाडेकरांच्या घरात कसं गेलं ते भिंतीपलीकडून मला तारखेवार माहीत आहे, पण तारखा सांगत नाही. द्वारकावहिनी नवऱ्याला जेवायला वाढायच्या, पण शब्द वाढायच्या नाहीत. दुधाची पिशवी स्वतः कात्रीनं कापायच्या आणि कात्री त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवायच्या. दीपमाला आणि राजकुमार पूर्वी चोरून भेटायचे, आता दुप्पट चोरून भेटायला लागले. कारखान्यात सांडूला कुणी नावं ठेवली नाहीत, साहेबांनी तर शाल दिली. पण पूजेचा विषय निघाला की माणसं त्याच्या तोंडाकडं बघून विषय बदलायची.

सगळ्यांनी त्याला एकच सल्ला दिला, मीही दिला. ओट्यावर बसलो होतो.

“सांड्या, जा आणि माफी मागून ये. म्हण, दोरा तोडला, चुकलो. तुझं काय जातंय?”

“तोडला त्यात चुकलो नाय.”

“मग कशात चुकलास?”

“बांधू दिला त्यात.” त्यानं दाताच्या मोकळ्या जागेतून जीभ बाहेर काढली आणि आत घेतली. “मला म्हाईत होतं, भाऊ. पोरीच्या कुंकवापायी गप बसलो.”

“मग हे त्यांना जाऊन सांग ना.”

“कसं सांगू? तुम्ही चुकीचं बांधलं, असं होणाऱ्या विहिणीला सांगू?”

“होणाऱ्या कुठल्या? आता त्या नुसत्याच भामाबाई आहेत.”

त्यावर तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भिंतीपलीकडं तेवढीच शांतता वाढली.

खंडेनवमी परत आली. सकाळी निघताना द्वारकावहिनींनी सांडूच्या हातावर अख्खी सुपारी ठेवली.

“ही तोंडात धरा. चावायची नाय, थुंकायची नाय. आन् पूजा होऊस्तोवर तोंड उघडायचं नाय. त्या बाटल्याला दोरा बांधू द्या, न्हायतर तुम्हाला बांधू द्या. पोरीचं वय निघून चाललंय.”

“पन पिनीला जर...”

“सुपारी!”

सांडूनं सुपारी तोंडात टाकली. बसमध्ये त्याला कुणी रामराम केला तरी तो नुसती मान हलवत होता. लोकांना वाटलं, व्रत धरलंय.

पूजा सुरू झाली. निरांजन या वर्षी साहेबांच्या हाताला लागू नये म्हणून एक माणूस खास उभा होता. भामाबाई सगळ्या मशिनी करत करत पुढं आल्या. प्रेस झाला, कटर झाला, ग्राइंडर झाला. त्यांच्या पाठीमागं सगळा कारखाना आणि घरची माणसं. नेहमी पूजेला गडबड असते, पोरं पेढ्यांना हात घालतात, कुणीतरी फोनवर बोलत असतं. त्या दिवशी नुसता ताटातल्या घंटेचा आवाज. रंगखात्याच्या दाराशी त्या थांबल्या. भिंतीवर तोच लाल बाटला, नवा भरून आणलेला, काटा हिरव्यात. सांडू शेजारी उभा. एक गाल सुपारीनं फुगलेला.

भामाबाईंनी माळ घातली. हळदीकुंकू लावलं. ओला दोरा काढला आणि पिनीच्या कडीशी नेला. तिथं धरला. बांधला नाही. मान वळवून सांडूकडं पाहिलं.

“गाडेकर भाऊ, बांधू का?”

समोर द्वारकावहिनी. त्यांच्या शेजारी दीपमाला. पलीकडं राजकुमार, आज हत्यारांच्या टेबलापासून मुद्दाम लांब उभा. सांडूनं बायकोकडं पाहिलं. द्वारकावहिनींनी ‘बोलू नका’ अशी मान इतकी बारीक हलवली की ती फक्त नवऱ्याला आणि शेजाऱ्याला दिसावी.

सांडूनं सुपारी तोंडातून काढली, खिशात घातली आणि बोलला.

काय बोलला ते लगेच सांगत नाही. आधी पुढचं ऐका, नाहीतर तुम्हाला द्वारकावहिनींसारखंच वाटेल. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, सोयरीक गेली म्हणून.

भामाबाईंनी दोरा पिनीवरून काढला, भिंतीतल्या ज्या हुकावर बाटला टांगतात त्या हुकाला बांधला, दोन गाठी मारल्या आणि पुढच्या बाटल्याकडं गेल्या. त्यालाही हुकालाच. सगळ्यांना. मागं वळून फक्त एवढंच म्हणाल्या, “गेल्या साली हेच तोंड उघडलं असतं तर मी तवाच हुकाला बांधला असता. मला काय, मी वाघ हाय का? समद्यांम्होरं माझा दोरा चावायची पाळी आली ती ह्यांच्या गप बसण्यानं.”

म्हणजे वर्षभर आम्ही सगळे समजत होतो की त्यांना दोरा तोडल्याचा राग आहे. मग मला साहेबरावांची दोन बोटं आठवली आणि त्या दिवशी पाहुण्यांदेखत गप्प राहिलेला तो फोरमन. साहेबराव त्या दिवशीही कडेला उभे होते, तीन बोटांनी पेढा धरून, आणि हसत होते.

पुढच्याच रविवारी भामाबाई आल्या, दीपमालाला कुंकू लावलं, साखरपुडा दिवाळीनंतर ठरला. पडदे परत धुतले गेले. सांडूला जेवणात शब्द वाढायला सुरुवात झाली, आणि आता त्याला ती थांबवायची कशी ते कळत नाही. साखरपुड्याच्या हॉलवर तो आधी जाऊन मागचं दार उघडतं का ते बघून आला. दाराला कुलूप होतं. किल्ली मिळेपर्यंत त्यानं पाहुण्यांना आत येऊ दिलं नाही. राजकुमारही उन्हात बाहेर उभा होता, आणि शेजारी भामाबाई, पदर डोक्यावर घेऊन, कुरकूर न करता.

आता, सुपारी खिशात घालून सांडू त्या दाराशी काय बोलला ते. गल्लीत त्याच्या चार तऱ्हा फिरतायत, एकीत तर तो संस्कृत बोलतो. मी शेजारी होतो. तो शब्दाला शब्द हे बोलला:

“पिनीला नका बांधू, वहिनी. गेल्या साली गप बसलो, त्यात लोकांच्या म्हणण्याप्रमाणं एक दात गेला. उरलेले मी पोरीच्या लग्नातले लाडू खायला ठिवलेत.”